फॅकल्टी आणि प्लॅनिंग परमिशन: इंग्लंडमधल्या चर्चच्या कामाला नेमकी कुणाची परवानगी लागते?

इंग्लंडमधल्या जुन्या पॅरिश चर्चला (म्हणजे गावाच्या किंवा वस्तीच्या स्थानिक चर्चला) शौचालय नाहीतर छोटं स्वयंपाकघर जोडायचं ठरलं, की बैठकीत कुणीतरी म्हणतं, ‘चर्चला सूट असते, कौन्सिलकडे कशाला जायचं?’ दुसरं कुणी म्हणतं, ‘कौन्सिलची मंजुरी आलीय ना, मग करा सुरू.’ दोघंही चुकतात, आणि भुर्दंड पॅरिशला पडतो.

प्लॅनिंग परमिशन स्थानिक कौन्सिल देते. तिला बघायचं असतं ते बाहेरचं: नवीन बांधकाम कसं दिसेल, जमिनीचा वापर बदलतो का, शेजाऱ्यांना आणि रस्त्याला त्रास होईल का. फॅकल्टी हा चर्च ऑफ इंग्लंडचा स्वतःचा परवाना. तो धर्मप्रांताच्या कन्सिस्टरी कोर्टातून मिळतो. तिथल्या न्यायाधीशाला चॅन्सेलर म्हणतात, आणि हे खरोखरीचं कायदेशीर न्यायालय आहे. त्याचा हुकूम मोडून चालत नाही.

मग ती ‘सूट’ कसली? सूट आहे, पण एकाच गोष्टीपुरती. वारसा यादीतल्या इमारतीत फेरबदल करायला इतरांना ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’ घ्यावी लागते. वापरात असलेल्या चर्चला ती लागत नाही, कारण चर्चची स्वतःची तपासणी तितकीच कडक असल्याचं सरकारने मान्य केलं आहे. ही व्यवस्था 1913 च्या कायद्यापासून चालत आली आहे; सध्याचा आदेश 2010 चा. प्लॅनिंग परमिशन त्या सुटीत कधीच नव्हती.

चर्चच्या आतली लाकडी बाकं काढून खुर्च्या ठेवायच्या असतील तर प्लॅनिंगचा प्रश्नच येत नाही. फक्त इमारतीच्या आतलं काम त्या कायद्याच्या कक्षेत नाही. फॅकल्टी मात्र हवीच. भिंतीबाहेर खोली वाढवायची तर दोन्ही हव्यात. चर्च वारसा यादीत नसलं तरी फॅकल्टी सुटत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शिवाय ती इमारतीपुरती थांबत नाही. जुना चांदीचा प्याला विकायचा असेल तर कौन्सिलचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पण चॅन्सेलरला विचारल्याशिवाय तो चर्चबाहेर जात नाही.

चॅन्सेलर काय तपासतात? डफिल्डच्या सेंट आल्कमंड चर्चच्या प्रकरणात कोर्ट ऑफ आर्चेस या अपिलाच्या न्यायालयाने घालून दिलेले प्रश्न आज सगळीकडे वापरतात. बदलाने वास्तूच्या महत्त्वाला धक्का बसेल का, किती बसेल, आणि त्यातून होणारं लोकहित त्या धक्क्यापेक्षा मोठं आहे का? धक्का जितका मोठा, तितकं कारण भक्कम लागतं. मला ही पद्धत न्याय्य वाटते, कारण ‘जुनं आहे म्हणून हात लावू नका’ असं ती म्हणत नाही. चर्च हे उपासनेचं जिवंत ठिकाण आहे, हेही वजनात धरलं जातं.

प्रत्येक खिळ्यासाठी मात्र कोर्टात जावं लागत नाही. किरकोळ दुरुस्त्या ‘लिस्ट ए’मध्ये येतात, थोडी मोठी कामं ‘लिस्ट बी’मध्ये, तिथे आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्मगुरूची, लेखी परवानगी पुरते. उरलेल्यांसाठी पूर्ण फॅकल्टी. जुन्या गॅस बॉयलरच्या जागी तसाच बॉयलर बसवायलाही जुलै 2022 पासून पूर्ण फॅकल्टी लागते, कारण 2030 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं चर्चने ठरवलं आहे.

चर्चच्या आवारातल्या थडग्यांवर लोकांचा जीव जास्त गुंततो. चॅन्सेलरच्या नियमांत बसणाऱ्या दगडाला व्हिकर, म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू, परवानगी देऊ शकतात. बऱ्याच धर्मप्रांतांत चकचकीत काळा ग्रॅनाइट त्या नियमांत बसत नाही. तो हवा असेल तर फॅकल्टीचा अर्ज करावा लागतो. कव्हेंट्रीजवळच्या एक्सहॉलमध्ये एका आयरिश कुटुंबाला आईच्या दगडावर फक्त आयरिश भाषेतला मजकूर हवा होता. 2020 मध्ये चॅन्सेलरने इंग्रजी भाषांतराशिवाय तो नाकारला. 2021 मध्ये कोर्ट ऑफ आर्चेसने तो निकाल फिरवला. तिकडे राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी हे प्रकरण जरूर माहीत करून घ्यावं. देवनागरीतल्या ओळीसाठीही अर्ज करता येतो, आणि तो सन्मानाने ऐकला जावा असा आग्रह धरता येतो.

आपल्या लोकांना ही व्यवस्था नवखी वाटते, त्याला कारण आहे. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चसारखी वास्तू महापालिका आणि वारसा समितीच्या कक्षेत येते. इंग्लंडसारखं परवाने देणारं चर्चचं न्यायालय इथे नाही.

परवान्याशिवाय काम उरकलं तर चॅन्सेलर ते पूर्ववत करायला सांगू शकतात, आणि त्याचा खर्च ते काम करणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. म्हणून आर्किटेक्टने आराखडा पक्का करण्याआधीच धर्मप्रांताच्या सल्लागार समितीला बोलवावं, आणि त्याच सुमारास कौन्सिलशीही बोलावं. दोन्हीकडे एकच नकाशा गेला पाहिजे. कौन्सिलने छताची कौलं बदलायला लावली आणि फॅकल्टी जुन्या नकाशावर मिळालेली असेल, तर बदललेला नकाशा घेऊन चॅन्सेलरकडे पुन्हा जावं लागतं, आणि तोवर ठेकेदाराला थांबवून ठेवावं लागतं.