बिलांचा जुना प्रोग्राम लिनक्सवर बसत नसेल तर

आंब्याचा सीझन तोंडावर आला की आमच्याकडे एकच तक्रार येते: "लिनक्स (विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणारी मोफत सिस्टीम) छान चाललंय, पण पेट्यांच्या बिलांचा जुना प्रोग्राम काही बसत नाही." देवगड-राजापूर भागातल्या आमच्या बागायतदार आणि काजू कारखानदार ग्राहकांसाठी हे पत्रक.

सगळ्यात आधी कळकळीची सूचना. इंटरनेटवर कोणी "वाइनचं फोल्डर उडवा आणि पुन्हा टाका" असं सांगितलं, तर हात आवरा. वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा मोफत प्रोग्राम. १९९३ पासून त्याचं काम चालू आहे. तो आपल्या होम फोल्डरमध्ये एक लपलेलं फोल्डर करतो (कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतं) आणि विंडोजचा सी ड्राइव्ह त्यातच असतो. जुने प्रोग्राम आपला डेटा बहुधा तिथेच ठेवतात. फोल्डर गेलं की गेल्या सीझनची उधारीही गेली. म्हणून आधी ते अख्खं पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

सेटअप अर्ध्यात अडकत असेल तर फाइल किती एमबीची आहे ते बघा. वळवाच्या पावसात लाइट जाते, रेंज जाते, डाउनलोड तुटतं. फाइलचं नाव मात्र पूर्ण दिसतं. साइटवर दिलेल्या आकारापेक्षा कमी भरली तर पुन्हा उतरवा.

काहीच न सांगता सेटअप गायब होत असेल, तर कारण टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, सापडतं. सेटअप असलेल्या फोल्डरमध्ये राइट क्लिक करून टर्मिनल उघडा. इंग्रजी लहान अक्षरांत वाइन (wine) लिहा, एक जागा सोडून फाइलचं नाव जसंच्या तसं लिहा, एंटर मारा. भराभर ओळी येतील, घाबरू नका. ‘फिक्समी’ (fixme) वाल्या ओळी बहुतेक वेळा सोडून द्यायच्या. ‘नॉट फाउंड’ (not found, म्हणजे सापडलं नाही) लिहिलेली ओळ कामाची. त्या आज्ञेच्या आधी सुडो (sudo, म्हणजे मुख्य मालकाच्या अधिकाराने चालवा असं सांगणारा शब्द) मात्र कधीच लावू नका. फाइलींची मालकी बदलते आणि नवाच गुंता होतो.

एका काजू कारखान्याच्या प्रोग्रामला त्या ओळीत ‘एमएसव्हीबीव्हीएम६०’ ही फाइल सापडत नव्हती. व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांना ती लागतेच. वाइनट्रिक्समधून (वाइनला लागणाऱ्या फाइली टाकून देणारं साधन) टाकली आणि प्रोग्राम उघडला. मग गिऱ्हाइकांची नावं इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखी दिसू लागली! डेटा शाबूत होता, फक्त जुना मराठी फॉन्ट नव्हता. तो वाइनच्या सी ड्राइव्हमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकल्यावर नावं वाचता आली.

मशीन ६४ बिटचं (नव्या घडणीचं) आणि प्रोग्राम ३२ बिटचा (जुन्या घडणीचा), हेही नेहमीचं. ‘वाइन३२ मिसिंग’ असा संदेश आला तर तो भाग वेगळा टाकावा लागतो. हे आम्ही करून देतो. दोन प्रोग्राम एकमेकांत अडकू नयेत म्हणून प्रत्येकाला वाइनचं स्वतंत्र फोल्डर देणं आम्हाला बरं वाटतं.

प्रिंटर लिनक्सवरच जोडा, वाइन तोच वापरतो. विंडोजचा ड्रायव्हर प्रिंटरसाठी वाइनमध्ये टाकत बसू नका. यूएसबीचं कुलूप म्हणजे डोंगल लागणारे प्रोग्राम वाइनमध्ये बहुधा चालत नाहीत. तसा असेल तर आधीच सांगा. एखादं जुनं विंडोज मशीन त्या कामापुरतं राखून ठेवणं परवडतं.

दुकानात येताना त्या ‘नॉट फाउंड’ ओळीचा मोबाइलवर फोटो काढून आणा. सोबत सेटअपची सीडी किंवा पेनड्राइव्ह आणि सीरियल नंबर लिहिलेला कागदही आणा.