टॉवेलची पिशवी आणि डांबरातली खडी : ‘प्लास्टिकच्या रस्त्या’ची पार्श्वभूमी

सोलापुरात टॉवेल घेतला की तो पातळ, पारदर्शक पिशवीतून येतो. चादरीचंही तेच. घरी आल्यावर पहिल्या धुण्याआधी पिशवी निघते, दोन दिवस ओट्याखाली पडून राहते आणि मग घंटागाडीत जाते. लग्नात आहेर म्हणून द्यायची चादर असेल तर पिशवी जाड, चकचकीत आणि चेन लावलेली असते. ती कुणी टाकत नाही. तिच्यात स्वेटर, नाहीतर जुन्या घरपट्टीच्या पावत्या वर्षानुवर्षं राहतात. या दोन्ही पिशव्या लक्षात असू द्या, पुढे दोघींचं काम पडणार आहे.

टाकाऊ प्लास्टिक जिरवून केलेल्या डांबरी रस्त्याला ‘प्लास्टिकचा रस्ता’ म्हणतात, पण हे नाव तसं फसवं आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, डांबर गेलं आणि त्या जागी प्लास्टिक ओतलं. प्रत्यक्षात वरच्या थराचा शंभर किलो माल घेतला तर त्यात सुमारे पंच्याण्णव किलो खडी आणि चुरी असते, डांबर पाच किलोच्या आसपास. त्या पाच किलोंपैकी सहा ते आठ टक्के भाग प्लास्टिकचा. म्हणजे शंभर किलोंत जेमतेम तीनशे ते चारशे ग्रॅम. मग एवढीशी चिमूट घालून फरक काय पडतो? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर आधी डांबर रस्त्यात करतं काय ते बघावं लागतं.

खडीच्या रस्त्याची आजची पद्धत स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. एकसारखी फोडलेली खडी दाबून बसवायची, तिचे कोपरे एकमेकांत अडकतात आणि रस्ता उभा राहतो. बैलगाडी आणि टांग्याला तेवढं पुरे होतं. मोटारी आल्या, रबरी टायरनी खडीतली बारीक माती ओढून काढली, धुरळा उडायला लागला आणि मग खडीला चिकटवून ठेवणारं काहीतरी हवं झालं. सुरुवातीला दगडी कोळशापासून निघणारं डांबर वापरलं, पुढे खनिज तेल शुद्ध करताना तळाला उरणारं बिटुमेन. आपण दोन्हींना डांबरच म्हणतो आणि या लेखातही तेच म्हणू.

आपल्याकडच्या रस्त्यांचा विचार पद्धतशीर सुरू झाला तो बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या समितीपासून. समिती १९२७ सालची. पेट्रोलवर कर लावून त्यातून रस्त्यांचा निधी उभा करावा, ही तिची शिफारस आणि १९३४ मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्ते अभियंत्यांची संस्थाही तिच्याच सूचनेतून आलेली. (हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) १९४३ मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा केला. रस्त्यात प्लास्टिक किती, कुठलं आणि कसं घालावं, हे नियम पुढे याच रोड्स काँग्रेसने लिहिले.

आता डांबराचं दुखणं. खरं तर दोन दुखणी आहेत, पाणी आणि ऊन. दगडाचं पाण्याशी जितकं जमतं तितकं डांबराशी जमत नाही. वरून गाड्यांचा दाब आणि फटीतून शिरणारं पाणी, दोन्ही मिळून डांबराची साल खडीवरून सोलली जाते. एक खडी निखळली की शेजारची मोकळी होते, महिन्याभरात तिथे ताटलीएवढा खड्डा. याची चाचणी अगदी साधी आहे : डांबर लावलेली खडी चाळीस अंशांच्या पाण्यात चोवीस तास बुडवून ठेवायची आणि किती दगड उघडा पडला ते डोळ्यांनी बघायचं. दुसरं दुखणं उन्हाचं. डांबर एकाएकी वितळत नाही, हळूहळू मऊ पडत जातं. रस्त्याला सर्रास वापरतात त्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडतं ते तापमान, किमान ४७ अंश असावा, असं भारतीय मानक सांगतं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हवाच ४४ अंशांपर्यंत जाते, काळा रस्ता त्याच्या कितीतरी वर. सिग्नलला उभ्या ट्रकच्या मागच्या चाकांखाली दुपारी डांबर दबलेलं, लाटांसारखं सरकलेलं दिसतं ते यामुळेच.

डांबराला काहीतरी जोड द्यावी हा विचार जुना आहे. युरोपात १९७० च्या दशकात पॉलिथिन, म्हणजे पातळ पिशवीचं प्लास्टिक, मिसळलेलं डांबर वापरात आलं होतं, रबर मिसळण्याचे प्रयोगही झाले. पण यातलं बरंचसं काम म्हणजे डांबराच्या टाकीतच असं प्लास्टिक किंवा रबर घोटून मिसळणं. पॉलिथिन डांबरापेक्षा हलकं असतं. नुसतं ढवळून ठेवलं तर दुधावर साय यावी तसं वर येऊन जमतं. ते एकजीव राहावं म्हणून जोरात घोटणारी यंत्रं लागतात, माल ढवळत ठेवावा लागतो. मोठ्या कारखान्याला हे परवडतं, खडी-डांबर तापवून मिसळणाऱ्या गावाबाहेरच्या हॉटमिक्स प्लांटला नाही.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे राजगोपालन वासुदेवन यांनी २००१ च्या सुमारास हीच गोष्ट उलटी केली. प्लास्टिक डांबरात न घालता आधी गरम खडीवर टाकायचं. ते खडीवर वितळतं, तिला पातळ लेप बसतो, मग त्या लेपावर डांबर. पॉलिथिन आणि डांबर दोन्ही हायड्रोकार्बन, एकाच घराण्यातली, त्यामुळे डांबर या लेपाला धरून बसतं. लेप दगडातली बारीक छिद्रं बुजवतो, पाण्याला आत जायला वाट राहत नाही. ना घोटणारं यंत्र, ना वेगळी टाकी. मला या सगळ्या इतिहासातली खरी युक्ती ही वाटते. यात नवा पदार्थ एकही नाही, बदलला तो फक्त घालण्याचा क्रम.

२००२ मध्ये महाविद्यालयाच्या आवारात असा तुकडा झाला आणि त्याच वर्षी चेन्नईच्या जांबुलिंगम रस्त्यावर. २००६ मध्ये महाविद्यालयाला पेटंट मिळालं, २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री. वासुदेवन यांचे पहिले रस्ते होत होते त्याच सुमारास बंगळुरूत अहमद खान आणि रसूल खान हे प्लास्टिकची पोती बनवणारे दोघे भाऊ वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले होते. धंदाच प्लास्टिकचा, शहर पिशव्यांना वैतागलेलं आणि लोकांचं बोट यांच्याकडे. त्यांनी तिथल्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना गाठलं आणि टाकाऊ प्लास्टिकची भुकटी रस्त्यात जिरवायला सुरुवात केली.

प्लांटवर हे दिसतं कसं? खडी फिरत्या ड्रममध्ये १६०-१७० अंशांपर्यंत तापते. पिशव्या यंत्रात चिरून त्यांचा भुगा केलेला असतो, साधारण पाच मिलिमीटरच्या चाळणीतून पडेल आणि अडीचच्या चाळणीवर अडकेल असा. खिचडीत हिंग टाकावा तसा हा भुगा गरम खडीवर सोडतात. तो पडतो, क्षणभर आक्रसतो आणि दिसेनासा होतो. अर्ध्या-पाऊण मिनिटात मघाची धुळकट, कोरडी खडी तेल चोळल्यासारखी चमकायला लागते. त्यावर गरम डांबर, मग डंपर, थर पसरणारा पेव्हर, रोलर. रस्त्यावर काम करणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही आणि झालेला रस्ता बघून त्यात प्लास्टिक आहे की नाही हे कुणाला ओळखता येत नाही. ठेकेदारीच्या जगात या शेवटच्या वाक्याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

प्रयोगशाळेत मात्र ओळखता येतं. मार्शल चाचणी ही अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या रस्ते खात्यातल्या ब्रूस मार्शलची देणगी. डांबरी मालाची बैठी वडी करायची, ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि किती भाराला फुटते ते मोजायचं. प्लास्टिकचा लेप दिलेल्या खडीची वडी साध्या वडीपेक्षा जास्त भार घेते, हे स्थापत्य शाखेच्या मुलांनी कॉलेजांतल्या प्रयोगशाळांत वारंवार करून पाहिलं आहे. साठ अंश ही खूण मार्शलने सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून निवडली नव्हती, पण मे महिन्यातल्या आपल्या रस्त्याला ती बरोबर लागू पडते.

यातून नियम झाले. रोड्स काँग्रेसने २०१३ मध्ये रस्त्यात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याची मार्गदर्शिका काढली, एसपी-९८ या क्रमांकाची. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते मंत्रालयाने सांगितलं की पाच लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांच्या पन्नास किलोमीटर परिसरात डांबरी थराचं नूतनीकरण करताना टाकाऊ प्लास्टिक वापरणं हीच नेहमीची रीत समजावी. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं. म्हणजे मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूर इथवरचा टापू त्या वर्तुळात येतो. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी स्थानिक संस्थांनाही सांगितलं, ज्याचा पुनर्वापर होत नाही असं प्लास्टिक रस्त्याला द्या. पुढे २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या वस्तूंवर केंद्राची. कॅरीबॅग कमी झाली असेल, पण टॉवेलची पिशवी, शेंगाचटणीचं पाकीट आणि कडक भाकरीचं आवरण कुठे गेलंय?

हिशेब करून बघू. एक किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद, तीन सेंटिमीटर जाडीचा थर. माल सुमारे २६० टन, त्यात डांबर १३ टन. आठ टक्के धरले तर एक टनाहून थोडं जास्त प्लास्टिक आणि तितक्या डांबराची बचत. पिशवी पाच ग्रॅमची धरली तर दोन लाख पिशव्या एका किलोमीटरात गेल्या.

आकडा मोहात पाडणारा आहे. पण सोलापूरकर म्हणून मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. दक्षिणेत ग्रॅनाइटच्या जातीचा दगड खूप. त्यात सिलिका भरपूर, पाण्याशी त्याची सलगी जास्त आणि डांबर त्यावरून लवकर सुटतं. आपली खडी काळ्या बेसॉल्टची, डांबर तिला मुळातच बरं धरतं. शिवाय आपल्याकडे वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाण्याच्या दुखण्यावर या लेपाचा जेवढा गुण तिकडे येईल, तेवढा इथे येईलच असं नाही. आपला फायदा उन्हाच्या बाजूने आहे : लेपाने माल कडक राहतो, मेमध्ये कमी दबतो. परतीचा पाऊस ऑक्टोबर २०२० सारखा कोसळला तर पाण्याच्या बाजूनेही उपयोग आहेच.

आणि सोलापूरचे रस्ते मोडतात ते बरेचदा खालून. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती रस्त्याखाली आहे. मुरमाचा भराव नीट नसेल, पाण्याला वाट नसेल तर वर तीन सेंटिमीटरचा कितीही शहाणा थर टाका, तो मातीबरोबर उसवणारच. त्यावर खोदाईचा शाप. आमच्या गल्लीत दिवाळीआधी डांबर पडलं आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उठायच्या आत पाण्याच्या लाइनसाठी चर निघाला. तो बुजवला मातीनेच. त्या डांबरात प्लास्टिक होतं का, हा प्रश्न तिथे विचारण्यातही अर्थ नव्हता.

आता मघाच्या दोन पिशव्या. पातळ पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास वितळतं, तापलेल्या खडीवर सहज पसरतं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक अडीचशेच्या आसपास वितळतं, म्हणून बाटली इथे लेपाच्या कामाची नाही. तसंही भंगारात तिला भाव आहे. जाड, चेनची पिशवी अनेकदा पीव्हीसी या वेगळ्या जातीच्या प्लास्टिकची असते. पीव्हीसी तापवलं की हायड्रोजन क्लोराइडसारखा जळजळीत वायू सुटतो, म्हणून मार्गदर्शिकेत त्याला साफ मनाई आहे. म्हणजे दोन्ही पिशव्या एकाच गोणीत गेल्या की गोणी बिघडली. त्यातच ओल्या कचऱ्याचा रस लागलेली पिशवी धुऊन, वाळवून घ्यावी लागते, तो खर्च डांबराच्या बचतीतून वजा होतो. झिजणाऱ्या रस्त्यातून प्लास्टिकचे सूक्ष्म कण मातीत जातील का, ही शंकाही रास्त आहे आणि ती रस्ता जुना होईल तशी वाढते, कमी होत नाही. माझं मत विचाराल तर ज्या पिशवीला दुसरा कुठलाच उपयोग उरलेला नाही, तीच रस्त्यात जावी. पुन्हा दाणे करून वस्तू बनू शकणारं प्लास्टिक रस्त्यात पुरणं म्हणजे उधळपट्टी.

नवी पेठेत सकाळी दुकानं उघडायच्या आधी कचरा वेचणाऱ्या एक अक्का असतात. बाटल्या एका गोणीत, पुठ्ठा दुसऱ्या गोणीत. टॉवेलच्या पिशव्यांचा ढीग त्यांनी पायाने बाजूला सारला, तेव्हा विचारलं, “अक्का, ह्या का नाही घेत?”

“ह्येला वजनच भरत न्हाई बघा. गोणी भरली तरी दोन किलो न्हाई. आन् दुकानदार घेतोय कुठं?”

बंगळुरूच्या त्या भावांनी सुरुवातीलाच ओळखलेली गोष्ट हीच : या पिशव्यांना किलोवर पैसे मोजले, तेव्हा वेचणारे त्या उचलू लागले. नवी पेठेतला ढीग मात्र त्या सकाळी तिथेच राहिला. थोड्या वेळाने घंटागाडी आली आणि शेजारच्या खानावळीतल्या ओल्या कचऱ्यावर तो टाकून घेऊन गेली.