टेलर, बॉब

टेलर, बॉब : (जन्म १७ जुलै १९४१). इंग्लंडचा व डर्बीशर काउंटीचा यष्टिरक्षक. पूर्ण नाव रॉबर्ट विल्यम टेलर. जन्म स्टॅफर्डशरमधील स्टोक-ऑन-ट्रेंट येथे. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये १,४७३ झेल व १७६ यष्टिचीत असे एकूण १,६४९ बळी त्याच्या नावावर असून यष्टिरक्षकाच्या बळींचा हा उच्चांक अद्याप अबाधित आहे.

त्याचा पहिला प्रथम श्रेणी सामना १९६० मध्ये मायनर काउंटीज (दुय्यम काउंट्यांच्या एकत्रित) संघाकडून पाहुण्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध झाला. पुढच्याच वर्षी यष्टिरक्षक जॉर्ज डॉक्सच्या दुखापतीमुळे डर्बीशरच्या संघात जागा रिकामी झाली आणि ती टेलरने १९८४ पर्यंत सांभाळली. मधल्या काळात, १९७५-७६ मध्ये, काही काळ तो संघाचा कर्णधारही होता.

कसोटी कारकीर्दीचा पूर्वार्ध इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा यष्टिरक्षक ॲलन नॉट याच्या सावलीत गेला. १९७०-७१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर टेलर राखीव यष्टिरक्षक होता. दौऱ्याच्या अखेरीस न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे नॉटने आपली जागा सोडली, म्हणून टेलरला पहिली कसोटी मिळाली. दुसरी कसोटी मिळण्यास डिसेंबर १९७७ उजाडला, तोही नॉट ऑस्ट्रेलियन उद्योगपती केरी पॅकरच्या खाजगी क्रिकेट स्पर्धेत गेल्यामुळे. त्या वेळी टेलर ३६ वर्षांचा होता. तेथून मार्च १९८४ पर्यंत, अधूनमधून वगळला जाऊनही, त्याने एकूण ५७ कसोटी सामने खेळून १६७ झेल व ७ यष्टिचीत अशी नोंद केली.

दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा इंग्लिश क्रिकेटमधील जुना वाद आहे. नॉटने ९५ कसोटींत ३२.७५ च्या सरासरीने ४,३८९ धावा केल्या व पाच शतके झळकावली. टेलरची कसोटी सरासरी १६.२८ होती. संघनिवड धावांकडे पाहून होत असेल, तर वादाला जागाच उरत नाही. परंतु केवळ यष्टिरक्षणाचा विचार करणाऱ्यांपैकी अनेक जाणकारांनी टेलरला झुकते माप दिले आहे आणि ते पटण्याजोगे आहे. नॉटची हालचाल नजरेत भरणारी होती. टेलरची पावले चेंडूच्या रेषेत आधीच पोहोचलेली असत, त्यामुळे त्याला झेपावण्याची गरज कमी पडे. मध्यमगती गोलंदाजीलाही यष्टींलगत उभे राहणे ही त्याची खरी परीक्षा होती, कारण तेथे फलंदाजाच्या शरीराआडून येणारा चेंडू उसळी घेताना हातमोजे त्याच्याबरोबर वर न्यावे लागतात आणि हात थोडाही आधी उठला तरी चेंडू खालून निसटतो.

आकडेवारीबाबत थोडा खुलासा आवश्यक आहे. टेलरपूर्वी मिडलसेक्सच्या जॉन मरेच्या नावावर १,५२७ बळी (१,२७० झेल, २५७ यष्टिचीत) होते. यष्टिरक्षण करीत नसताना क्षेत्ररक्षक म्हणून घेतलेले झेल अशा बेरजेत धरावेत की नाही, आणि कोणते सामने प्रथम श्रेणीचे मानावेत, यांवर संकलकांत एकमत नाही. त्यामुळे जुन्या यष्टिरक्षकांचे आकडे निरनिराळ्या संदर्भग्रंथांत थोडे निरनिराळे आढळतात. टेलरचे अंतर मोठे असल्याने त्याच्या प्रथम स्थानाला याने बाध येत नाही. यष्टिचीतांची तुलना मात्र जपून करावी लागते. केंटच्या लेस एम्सच्या १,१२१ बळींत ४१८, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक, यष्टिचीत होते, तर टेलरच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे साडेनऊ बळींत एक एवढेच पडते. याचे कारण कौशल्यापेक्षा गोलंदाजीत शोधणे अधिक योग्य ठरेल. एम्सला टिच फ्रीमनसारखा, फलंदाजाला पुढे खेचून यष्टिचीताची संधी देणारा लेगस्पिनर (फिरकी गोलंदाज) लाभला होता. डर्बीशरची परंपरा लेस जॅक्सन, हॅरल्ड ऱ्होड्स, माइक हेंड्रिक अशा सीम (चेंडूच्या शिवणीचा उपयोग करणाऱ्या मध्यमगती व वेगवान) गोलंदाजांची होती. भारताचा ऑफस्पिनर श्रीनिवास वेंकटराघवन १९७३ ते १९७५ या काळात तेथे खेळला, हा त्या परंपरेतला अपवाद.

टेलरच्या कारकीर्दीतील सर्वोच्च कामगिरी मुंबईत घडली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वानखेडे स्टेडियमवर १५ ते १९ फेब्रुवारी १९८० या काळात एकमेव कसोटी झाली. १६ तारखेच्या सूर्यग्रहणामुळे त्या दिवशी विश्रांती ठेवण्यात आली होती. भारताच्या २४२ धावांच्या पहिल्या डावात टेलरने सात झेल घेतले व त्यांत सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, संदीप पाटील आणि करसन घावरी हे मुंबईचे चारही फलंदाज होते. दुसऱ्या डावात आणखी तीन झेल घेऊन त्याने एका कसोटीत दहा बळींचा उच्चांक केला. तोपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या गिल लँगलीचा नऊ बळींचा विक्रम १९५६ पासून टिकून होता. टेलरचा विक्रम १९९५ मध्ये जोहान्सबर्ग येथे जॅक रसेलने अकरा झेल घेऊन मागे टाकला.

याच सामन्यात इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाल्यावर टेलर इयन बॉथमच्या जोडीला आला. थोड्याच वेळात कपिल देवच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षकाकडे झेल गेल्याच्या अपिलावर पंचांनी त्याला बाद दिले. बॅटला चेंडू लागला नसल्याचे टेलरचे म्हणणे होते. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याने अपील मागे घेऊन त्याला परत बोलावले. त्यानंतर या जोडीने सहाव्या गड्यासाठी १७१ धावांची भागी केली, बॉथमने ११४ व टेलरने ४३ धावा काढल्या आणि इंग्लंडने सामना दहा गडी राखून जिंकला. विश्वनाथच्या निर्णयामुळे सामना हातचा गेला, असे तेव्हापासून म्हटले जाते. पण एकट्या बॉथमने सामन्यात तेरा बळी घेतले होते, हे लक्षात घेता तो निष्कर्ष एकांगी वाटतो. विश्वनाथची कृती पराभवाच्या हिशेबात न धरता स्वतंत्रपणे गौरवावी, एवढी ती मोठी होती.

फलंदाज म्हणून टेलरच्या नावावर १२,०६५ प्रथम श्रेणी धावा आहेत. त्याचे एकमेव शतक १९८१ मध्ये शेफील्ड येथे यॉर्कशरविरुद्ध झाले. कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या ९७ ही १९७८-७९ मधील ॲडलेडची असून त्या डावात जेफ मिलरबरोबरच्या त्याच्या १३५ धावांच्या भागीदारीने सामन्याचे पारडे फिरवले.

जुलै १९८६ मध्ये लॉर्ड्सवरील न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत रिचर्ड हॅडलीचा चेंडू डोक्याला लागून इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच जायबंदी झाला. बिल ॲथीने काही षटके तात्पुरते काम पाहिले. मालिकेच्या प्रायोजकांच्या कामासाठी टेलर त्या दिवशी मैदानातच होता. न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनी याने संमती दिल्यावर, नियमित क्रिकेटमधून निवृत्तीला दोन वर्षे उलटलेल्या ४५ वर्षीय टेलरने बदली खेळाडू म्हणून यष्टिरक्षण केले. पुढे ते काम हॅम्पशरच्या बॉबी पार्क्सकडे सोपवण्यात आले. टेलरचे तुरळक प्रथम श्रेणी सामने १९८८ पर्यंत चालू होते. त्याच्या अशा सामन्यांची एकूण संख्या ६३९ वर थांबली.