त्वरण आणि कालविस्तार : घड्याळ-गृहीतकाची चाचणी

गतिमान घड्याळ स्थिर निरीक्षकाला संथ चालताना दिसते. हा संथपणा केवळ त्या-त्या क्षणीच्या वेगावर ठरतो, त्वरणाचा स्वतंत्र वाटा त्यात नसतो, हे घड्याळ-गृहीतक. ते आदर्श घड्याळापुरते आहे. लंबकाचे घड्याळ हिसक्याने बिघडते, पण तो यंत्राचा दोष, काळाचा नव्हे.

चाचणीतली खरी अडचण अशी की वर्तुळाकार गतीत त्वरण आणि वेग हातात हात घालून वाढतात (त्वरण = v²/r; v म्हणजे वेग, r म्हणजे त्रिज्या). म्हणून वेगाने होणारा परिणाम आधी अचूक काढावा लागतो आणि मग त्यापलीकडे काही शिल्लक उरते का ते पाहावे लागते.

याची सर्वांत कडक तपासणी 1970च्या दशकात जिनिव्हाजवळ सर्न या कण-भौतिकी प्रयोगशाळेत झाली. मुळात म्यूऑनचे (इलेक्ट्रॉनसारखा, पण जड आणि थोड्याच वेळात विघटन पावणारा कण) चुंबकीय गुणधर्म मोजण्यासाठी बांधलेले 7 मीटर त्रिज्येचे वलय त्यासाठी वापरले गेले. 1.47 टेस्लाच्या क्षेत्रात म्यूऑन सुमारे 147 नॅनोसेकंदांत एक फेरी मारत. त्यांचा लोरेंट्झ गुणक (वेगामुळे घड्याळ किती पट संथ दिसावे तो आकडा) 29.3 होता आणि म्यूऑनला स्वतःला जाणवणारे त्वरण सुमारे 10¹⁸ g (g म्हणजे पृथ्वीवरील गुरुत्वीय त्वरण) भरत होते. विघटनातून निघणारे इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेचे असल्याने आत वळतात. वलयाच्या आतल्या बाजूला लावलेले शोधक ते मोजतात आणि घटत्या संख्येवरून आयुर्मान काढले जाते. स्थिर म्यूऑनचे सरासरी आयुर्मान 2.197 मायक्रोसेकंद, वलयातले मात्र सुमारे 64.4. गुणाकार जुळतो, 0.1 टक्क्याच्या आसपास. येथे गुणक फेरीच्या वारंवारतेवरून काढणे महत्त्वाचे. तो आयुर्मानावरूनच काढला, तर तपासायला काही उरत नाही.

चुका कुठे शिरतात? कक्षेतून निसटून भिंतीवर आदळलेले म्यूऑन विघटन झाल्यासारखे गळतात, त्यामुळे आयुर्मान कमी दिसते. कण सोडताक्षणीच्या झोतामुळे शोधकांची संवेदनशीलता काही काळ डळमळते, तेव्हा सुरुवातीच्या नोंदी जपून घ्याव्या लागतात. शिवाय म्यूऑनच्या फिरत्या चुंबकीय अक्षामुळे संख्येत लाटा उमटतात. त्या घटीच्या वक्राबरोबरच बसवाव्या लागतात.

त्याआधी 1960 साली इंग्लंडमधील हारवेल येथे लोह-57 (लोहाचे एक समस्थानिक) वापरून टेबलावर मावणारा प्रयोग झाला होता. गॅमा-स्रोत चक्राच्या मध्याजवळ, शोषक परिघाजवळ, सेकंदाला 500 पर्यंत फेऱ्या आणि सुमारे 65,000 g. गॅमा-किरणांचा अपेक्षित वारंवारता-बदल v²/2c² (c म्हणजे प्रकाशाचा वेग), म्हणजे जास्तीत जास्त 10⁻¹³ च्या पातळीचा. तो वर्णरेषेच्या रुंदीच्याच (किरणांच्या वारंवारतेतल्या नैसर्गिक पसाऱ्याच्या) जवळपास असल्याने चक्राची थोडीशीही थरथर घातक. हाच बदल फिरत्या चौकटीत केंद्रोत्सारी विभवातूनही (बाहेर ढकलणाऱ्या भासमान बलाशी निगडित ऊर्जेतूनही) काढता येतो. दोन्ही उत्तरे एकाच परिणामाची आहेत. त्यांची बेरीज करणारे बरेच भेटतात.

स्फटिकातले लोह-अणू तर उष्णतेने सतत थरथरतच असतात आणि त्यांची त्वरणे 10¹⁶ g च्या घरात जातात. तापमान एक अंशाने बदलले की वारंवारता सुमारे 2×10⁻¹⁵ ने सरकते. ही सरक अणूंच्या सरासरी वेगवर्गावरूनच सांगता येते. त्वरणाचे वेगळे पद लागत नाही.

वलयातले त्वरण गतीला काटकोनात असते. गतीच्या दिशेतल्या त्वरणाची तपासणी 1980 साली पदार्थातून जाताना मंदावणाऱ्या सिग्मा कणांच्या (प्रोटॉनहून जड, अल्पायुषी कण) आयुर्मानावरून झाली. तिथे त्वरण 10¹⁵ g च्या पातळीचे होते आणि वेगळा परिणाम आढळला नाही.