रक्तशर्करा-स्वमापन

मधुमेही व्यक्तीने स्वतः, किंवा घरातील माणसाने तिच्यासाठी, बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबातील ग्लुकोजचे प्रमाण ग्लुकोमीटरवर मोजण्याची पद्धत. बोलीभाषेत ‘घरी शुगर तपासणे’ म्हणतात ते हेच.

ही पद्धत रूढ होण्यापूर्वी घरी तपासली जाई ती लघवी. बेनेडिक्ट द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून ते उकळल्यास निळा रंग साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी होतो. मात्र रक्तशर्करा दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज साखर सहसा लघवीत उतरत नाही. त्यामुळे रक्तातील साखर धोकादायकरीत्या कमी झाली असली तरी द्रावण निळेच राही. १९६४-६५ च्या सुमारास आलेल्या ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर असे. तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब मिनिटभर ठेवून पाण्याने धुतल्यावर उमटलेला रंग तक्त्याशी ताडून पाहावा लागे.

स्वमापनाचा आरंभ कोणी केला याविषयी एकमत नाही. अमेरिकन अभियंता रिचर्ड बर्न्स्टाइन यांना, ते स्वतः मधुमेही असल्याने, पहिल्या स्वमापकाचा मान अनेकदा दिला जातो. त्यांच्या कथनानुसार १९६९ मध्ये त्यांना पट्टीचा रंग मोजणाऱ्या ‘एम्स रिफ्लेक्टन्स मीटर’ या यंत्राची माहिती मिळाली; ते डॉक्टरांसाठीच विकले जात असल्याने त्यांच्या डॉक्टर पत्नीच्या नावे मागवावे लागले. हे यंत्र बाजारात आल्याचे वर्ष मात्र बहुधा १९७० किंवा १९७१ दिले जाते. दुसरीकडे, कीन व नाइट या संशोधकांनी रुग्णाने स्वतः रक्ताचा नमुना घेण्याची पद्धत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९६२ सालीच मांडली होती, परंतु मोजणी प्रयोगशाळेत होत असल्याने तिला स्वनमुनाग्रहण म्हणणे अधिक योग्य. वैद्यकात पद्धत मान्य होण्याचा टप्पा म्हणून १९७८ मध्ये त्याच नियतकालिकात आलेले लंडन व नॉटिंगहॅम येथील दोन लेख धरणे सयुक्तिक वाटते. १९८७ च्या सुमारास आलेल्या पेनाच्या आकाराच्या ‘एक्झॅकटेक’ने रंगाऐवजी विद्युत्प्रवाह मोजला आणि पट्टी धुण्या-पुसण्याची गरज संपली.

मीटरचा आकडा प्रयोगशाळेशी तंतोतंत जुळत नाही. प्रयोगशाळेत तपासल्या जाणाऱ्या रक्तद्रवातील (प्लाझ्मा) ग्लुकोजचे प्रमाण थेंबातील संपूर्ण रक्तातील प्रमाणापेक्षा सुमारे ११ टक्के अधिक असते, आणि रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणानेही वाचनात फरक पडतो. आय.एस.ओ. १५१९७ या मीटरच्या अचूकतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ मधील आवृत्तीनुसार किमान ९५ टक्के वाचने १०० मिलिग्रॅमपासून पुढे १५ टक्क्यांच्या, तर त्याखाली १५ मिलिग्रॅमच्या फरकात असावी लागतात. अर्थात १४० आणि १५० या आकड्यांतील फरकावरून साखर वाढली असे ठरवता येत नाही.

शिकाऊ व्यक्तीची चूक बहुधा यंत्राच्या आधीच होते. फळ सोलल्यानंतर बोट नुसते स्पिरिटने पुसले तर आकडा खोटा चढतो, पाण्याने धुतले तर तसे होत नाही, असे जपानी संशोधकांना आढळले आहे. आंबा चिरलेल्या हातांना हे अधिकच लागू पडावे. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, सुई बोटाच्या टोकावर मध्यभागी न टोचता कडेला टोचावी, आणि पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी, कारण दमट हवेने पट्ट्या बिघडतात. ‘जेवणानंतरची’ तपासणी पहिल्या घासापासून दोन तासांनी करतात, जेवून हात धुतल्यापासून नव्हे. इन्शुलीन घेणाऱ्यांनी आकडा ७० च्या खाली दिसताच साखर किंवा ग्लुकोज घेऊन सुमारे १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. इन्शुलीन न घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींना रोजच्या मापनाचा लाभ मर्यादित दिसतो.