टोलनाक्यावरची वाहने आणि कोडची मांडणी

ऑस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर हे दोघे १९६० च्या दशकात प्रत्यक्ष व्यवहारांचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर त्यांची नक्कल, करण्यासाठी एक प्रोग्रामिंग भाषा घडवीत होते. त्यांच्यापुढील एका उदाहरणात पुलावरचा टोलनाका होता आणि तेथील रांगेत ट्रक, बस अशी निरनिराळी वाहने उभी होती. रांगेत येणे, थांबणे आणि पुढे सरकणे सर्वांनाच सारखे लागू होते. बाकीचे तपशील मात्र निरनिराळे होते, आणि प्रत्येक प्रकारासाठी रांगेचे तेच काम पुन्हा लिहिणे त्यांना मान्य नव्हते. त्यातून सामाईक भाग एका क्लासमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूंची माहिती व कामे सांगणाऱ्या साच्यात, ठेवून बाकीच्या क्लासनी तो वारशाने घ्यावा, म्हणजे पुन्हा न लिहिता आपोआप मिळवावा, ही कल्पना पुढे आली आणि ‘सिम्युला ६७’ या भाषेत ती उतरली. क्लासच्या साच्यातून घडलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट; आज आपण ज्याला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग म्हणतो, त्याची सुरुवात येथून झाली.

या पद्धतीचे कौतुक करताना बहुधा वारशाचाच उल्लेख आधी होतो. माझ्या मते तिचा खरा फायदा दुसरीकडे आहे: माहिती आणि ती हाताळणारा कोड एकत्र राहतो आणि बाहेरच्या कोडला त्या माहितीला थेट हात लावता येत नाही.

याचे मोल कळण्यासाठी १९९९ सालची धावपळ आठवावी. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचविण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठविले जात. १९६५ साली जन्मलेल्या व्यक्तीचे वय काढताना ९९ मधून ६५ वजा केले की ३४ हे बरोबर उत्तर येई. पण २००० साल उजाडताच ०० मधून ६५ वजा होऊन उत्तर उणे ६५ येणार होते. एका ठिकाणची दुरुस्ती किरकोळ होती. मात्र अशी वजाबाकी लाखो ओळींत कोठेकोठे केली आहे, हे शोधण्यातच बहुतेक श्रम गेले, आणि भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांना त्या काळात मिळालेल्या कामाचा मोठा भाग याच शोधाचा होता. ‘तारीख’ हा एक क्लास असता, वर्ष त्याच्या आत झाकलेले असते आणि बाकीचा प्रोग्राम त्याला केवळ ‘या दोन तारखांत किती वर्षांचे अंतर आहे’ एवढेच विचारीत असता, तर कोडमधील बदल बव्हंशी त्या एका क्लासपुरता राहिला असता. साठविलेल्या फायली बदलाव्या लागल्याच असत्या, ही गोष्ट वेगळी.

माहिती अशी झाकून ठेवणे ऑब्जेक्टशिवायही जमते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्येच, पुढे बदलू शकणारा प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलच्या, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र भागाच्या, आत लपवावा, असे मांडले होते. जावासारख्या भाषेने त्यात भर घातली ती सक्तीची: एखादी गोष्ट ‘प्रायव्हेट’ ठरविली की तिला बाहेरून हात लावणारा कोड कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम, स्वीकारीतच नाही. पायथॉन या भाषेत हीच गोष्ट नावाआधी अंडरस्कोर (_) लावून सुचविली जाते आणि ती पाळणे प्रोग्रामरच्या भल्या बुद्धीवर सोडलेले असते.

कोणती माहिती कोणत्या क्लासकडे द्यावी, हा प्रश्न मात्र भाषा सोडवीत नाही. पुन्हा टोलनाक्याकडेच पाहू. ‘टोल किती?’ याचे उत्तर वाहनाच्या क्लासने द्यावे, असे प्रथम वाटते. पण दर बदलतात ते नाक्याचे. आणि दर वाहनाच्या क्लासमध्ये लिहिले, तर प्रत्येक दरवाढीला ट्रक, बस आणि मोटार असे तिन्ही क्लास उघडावे लागतात. वाहनाने आपल्याला किती अ‍ॅक्सल (चाकांचे आस) आहेत एवढेच सांगावे आणि हिशेब नाक्याने करावा, ही विभागणी अधिक टिकाऊ ठरते.

वारशाची मर्यादाही येथेच दिसते. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्या यांना आपल्याकडील राष्ट्रीय महामार्गांवर टोल माफ असतो. त्यासाठी ‘टोलमाफ वाहन’ असा क्लास काढला, तर अग्निशमनाची गाडी त्यातली मानायची की ट्रकमधली? एखादी रुग्णवाहिका लहान व्हॅन असते, तर एखादी बसएवढी. क्लासची उतरंड वाढवीत नेण्यापेक्षा ‘सवलत’ हा स्वतंत्र ऑब्जेक्ट करून तो हव्या त्या वाहनाला जोडणे सोपे पडते. उद्या आणखी एखाद्या वाहनाला सूट मिळाली, तरी ट्रक आणि बस यांच्या क्लासना हात लावावा लागत नाही.