औषध लागलं, उतरलं, पण नसांचं काय?

आमच्या मराठवाड्यात कापूस-सोयाबीनवर फवारा सुरू झाला की कुणाला तरी औषध लागतंच, सलाईन लागते, माणूस उठून बसतो आणि सगळे म्हणतात सुटला. पण ऑरगॅनोफॉस्फेट नावाच्या कीटकनाशकांच्या गटातली काही औषधं जास्त अंगात गेली तर 2-3 आठवड्यांनी पायात मुंग्या येतात, मग ताकद जाते, आणि तोवर फवारा कुणाच्या ध्यानातही नसतो, घरचे करणी समजून उतारा टाकत बसतात. करणी-बिरणी काही नाही, नसा खराब झाल्यात आणि ते मोजता येतं.

पायासाठी आधी एनसीव्ही करतात, म्हणजे नसेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजतात, पण मज्जारज्जूतून मेंदूपर्यंतची वाट बघायची तर इव्होक्ड पोटेन्शियल टेस्ट, म्हणजे नसेला चेतवलं की मेंदूत उमटणारं विजेचं उत्तर मोजायचं. घोट्याजवळ बारीक शॉक द्यायचा, साधारण 40 मिलिसेकंदांत त्याचं उत्तर डोक्यावर दिसतं. डोळ्यासाठी तीच टेस्ट, नाव व्हीईपी (व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियल): एक डोळा झाकून स्क्रीनवरच्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांकडं बघायचं, ते सेकंदाला दोनेकदा उलटतात, डोक्याच्या मागं पेस्टनं इलेक्ट्रोड चिकटवलेला, आणि 100 मिलिसेकंदांच्या आसपास एक लाट येते.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. ही लाट जेमतेम 5-10 मायक्रोव्होल्टची, मेंदूची स्वतःची बडबड त्याच्या कितीतरी पट, म्हणजे भर बाजारात मोंढ्यावर कुणाची कुजबुज ऐकण्यासारखं. मग करतात काय, चौकोन उलटला तो क्षण शून्य धरून पुढचा तुकडा रेकॉर्ड करायचा, असे 100 तुकडे घेऊन सरासरी काढायची. बडबड कधी वर कधी खाली असते ती आपसात कटते, उत्तर दरवेळी त्याच जागी येतं ते टिकतं. गोंगाट वर्गमुळाच्या हिशोबानं घटतो, 100 तुकड्यांत दहावा हिस्सा, 400 मध्ये विसावा, म्हणजे चौपट वेळ बसवलं तरी फायदा दुप्पटच. लंडनच्या जॉर्ज डॉसननं 1951 मध्ये ही रीत दाखवली, कॉम्प्युटर घरोघरी यायच्या कितीतरी आधी!

नसेवरचं मायलिनचं वेष्टण उतरलं तर लाट उशिरा येते, तंतूच मेले तर ती बुटकी होते. टीबीच्या एथॅम्ब्युटॉलनं काहींच्या डोळ्याच्या नसेला इजा होते, त्यात रुग्ण तक्रार करायच्या आधीच लाट लांबलेली सापडू शकते. म्हणून लाल-हिरवा फिका वाटला की लगेच डॉक्टरला सांगा, गोळ्या मनानं बंद करू नका.

मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशनच्या नावाखाली पोरांच्या डोळ्यावर पट्टी बांधून, न बघता वाचता येईल असं सांगून पैसे उकळणाऱ्यांचा आणि या टेस्टचा काडीचाही संबंध नाही. आणि विष कोणतं हे ही टेस्ट सांगत नाही, ते औषधाच्या डब्यावरून कळतं, तेव्हा दवाखान्यात जाताना डबा सोबत न्या.